मुक्कामी गाडीचा डोंगर

बाबा एसटीत कंडक्टर होते. बत्तीस वर्षांच्या नोकरीतली बरीचशी वर्षं त्यांनी मुरबाड बाजूच्या मुक्कामी गाड्यांवर काढली. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन गावात जायचं, रात्री तिथंच थांबायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं. लहानपणी मला वाटायचं, बाबा रोज सहलीलाच जातात. घरी आले की मी विचारायचे, "आज डोंगर पाहिलात?" ते म्हणायचे, "पाहिला की." खूप वर्षांनी कळलं, पाहिला म्हणजे खालून पाहिला. गाडी पोचायची तेव्हा अंधार पडत आलेला असायचा आणि निघायची तेव्हा उजाडलेलं नसायचं. देहरी गावाच्या डोक्यावरचा गोरखगड त्यांनी कितीतरी रात्री पाहिला, काळ्या सावलीसारखा. वर मात्र एकदाही गेले नाहीत.

बाबा आता ६७ वर्षांचे आहेत. यंदा पौषात मी आठवडाभराची रजा टाकली आणि म्हटलं, "बाबा, चला. ठाण्याच्या आसपास चार डोंगर करू, शेवटी गोरखगड." त्यांनी एकच अट घातली. जायचं ते बसनं. मला ती अट मनापासून आवडली. आमचं घर खोपटला, एसटी स्टँडच्या आवाजात मी वाढले, आणि डोंगरात जायला चारचाकीच लागते हे आजकाल सगळेच गृहीत धरतात याचं मला वाईट वाटतं.

एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं. म्हणजे आम्हा दोघांचं मिळून एकच पूर्ण तिकीट. बाबांनी हा हिशेब पहिल्याच दिवशी मांडला आणि चारही दिवस तो ज्याला त्याला सांगितला. (ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं, ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे. पालिकेच्या बसचे नियम वेगळे, ते तिथं विचारून घ्यावेत.)

पहिला दिवस : येऊर

सुरुवात घराजवळून केली, बाबांच्या गुडघ्यांचा अंदाज यावा म्हणून. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेहून येऊरची टीएमटी, म्हणजे ठाणे पालिकेची बस, मिळते. गर्दीतून वाट काढत बस डोंगराच्या पायथ्याशी येते, वन विभागाच्या नाक्यावर थबकते आणि मग वळणं घेत चढायला लागते. दोन वळणं झाली की खिडकीतून येणारी हवाच बदलते. जानेवारीची सकाळ होती, दरीत धुकं अडकून राहिलं होतं. बाबांनी मफलर कानावर ओढला आणि खिडकी मात्र उघडीच ठेवली.

बसमध्ये आमच्याशिवाय फिरायला आलेलं कुणी नव्हतं. पाड्यांवरच्या बायका होत्या. पहाटे ठाण्याच्या बाजारात भाजी-फुलं विकून, रिकाम्या पाट्या एकात एक घालून परत निघालेल्या. माझ्या शेजारी बसलेल्या आजींना मी विचारलं, कुठली वाट चांगली? त्या म्हणाल्या, "माझ्या मागनं या." आम्ही गेलो. रस्ता सोडून पाड्याकडे जाणारी पायवाट, दोन्हीकडे साग, ऐन, पळस. काटेसावरीची पानं झडून गेलेली आणि फांद्यांवर काळपट कळ्या.

आजींच्या घराची भिंत मी बराच वेळ बघत उभी राहिले. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, आडव्या पट्ट्यांनी बांधून, वरून शेणमातीनं सारवलेला कूड. एका कोपऱ्यात सारवण निघालं होतं, तिथं आतली काठी दिसत होती. बोटाएवढी जाड, पेरापेराची, सरळ. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग वाळते. वाळलेली काठी घराला येते. आजींनी त्या काठीवर नख आपटून दाखवलं. ठक्क आवाज आला.

पाड्याच्या टोकाला वाघोबा आहे, शेंदूर लावलेला. इथले वारली बिबट्यालाही वाघच म्हणतात आणि दिवाळीच्या आधी वाघबारशीला त्याची पूजा करतात. बाबांनी विचारलं, "दिसतो का?" आजी म्हणाल्या, "तो त्याच्या वाटेनं, आपण आपल्या वाटेनं. रात्री नाही हिंडायचं." हा सल्ला येऊरला जाणाऱ्या प्रत्येकानं गाठीला बांधावा. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं अंग आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात बिबटे आहेत, अडीचशेहून जास्त जातींचे पक्षी आहेत. आत खोलवर परवानगीशिवाय जाता येत नाही आणि जाऊही नये. पाड्यांना जोडणाऱ्या वाटांवरच दोन-तीन तास सहज जातात. आम्हाला हळद्या दिसला, तांबटाची टुक-टुक सतत सोबतीला होती, आणि परतीच्या वाटेवर ओढ्याजवळ पांढरी लांब शेपटी फडकवत स्वर्गीय नर्तक एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेला. बाबा हात वर करून जागच्या जागी थांबले. गाडी थांबवतात तसा हात.

दुपारी दोनच्या सुमारास खाली आलो. गुडघे ठीक होते.

दुसरा दिवस : कर्नाळा

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरनं पनवेल आणि पनवेलच्या एसटी स्टँडवरून पेणकडे जाणारी कुठलीही साधी गाडी. कंडक्टरला आधीच "कर्नाळा" सांगायचं. कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या दारातच उतरवतात. पनवेलहून १२ किलोमीटर, झोप लागायच्या आत येतं.

दारात तिकीट काढलं, पिशव्या तपासल्या. प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतली, परत येताना बाटल्या दाखवल्या की पैसे परत. या पद्धतीनं वाट किती स्वच्छ राहिली आहे ते वर जाताना दिसतं. माझ्या मते प्रत्येक किल्ल्याच्या पायथ्याशी हे असायला हवं.

वाट सावलीतून चढते आणि शेवटच्या टप्प्यावर दमवते. आम्हाला दोन तास लागले. किल्ल्याचा सुळका हमरस्त्यावरून अंगठ्यासारखा दिसतो, पण त्याच्या बुडाशी उभं राहिलं की मान मागं टाकावी लागते. कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि कोठारं याच सुळक्याच्या पोटात आहेत. सुळक्यावर आग्या मोहोळांची मोठमोठी पोळी लटकलेली असतात. तिथं मोठ्यानं बोलायचं नाही, धूर करायचा नाही, अंगाला अत्तर लावून तर अजिबात जायचं नाही. कॉलेजची पाच-सहा मुलं आमच्या मागोमाग आली, गाणी लावून. बाबा त्यांच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाळांनो, ते बंद करा आणि वर बघा." मुलांनी वर पाहिलं. पोळ्यावरून एक काळी लाट सरकत गेली, वाऱ्यानं गव्हाचं शेत हलावं तशी. गाणं तिथंच थांबलं. पुढचा तासभर ती मुलं बाबांच्याच बरोबर होती.

वरून प्रबळगड, माथेरान आणि उलट दिशेला खाडी दिसते. उन्हाची तिरीप खाडीच्या पाण्यावर पडली की डोळे दिपतात. १८१८ साली इंग्रजांनी हा किल्ला घेतला. त्यानंतर २७ वर्षांनी, ४ नोव्हेंबर १८४५ रोजी, याच डोंगराच्या पनवेलकडच्या अंगाला शिरढोण गावात वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांच्या आजोबांकडे कर्नाळ्याची किल्लेदारी होती. ज्या मुलानं हातातून गेलेल्या किल्ल्याच्या गोष्टी घरात ऐकल्या, त्यानं पुढं रामोशी-कोळ्यांना हाताशी धरून इंग्रजांविरुद्ध बंड उभं केलं आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात प्राण सोडला. परतीच्या एसटीनं आम्ही शिरढोणला उतरलो, स्मारकापुढं डोकं टेकवलं. कर्नाळ्याला जाणाऱ्यांनी हा थांबा चुकवू नये. घाईत असाल तरी पंधरा मिनिटं काढा, गाव रस्त्यालगतच आहे.

आणि शिरढोणला उतरलो म्हणूनच पोपटी मिळाली. गावाबाहेर एका शेतात धूर दिसला, वास आला आणि पाय आपोआप तिकडे वळले. पाच-सहा जण मडक्याभोवती बसले होते. एक काका म्हणाले, "या की, उघडायचीच आहे." मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधेमधे बटाटे आणि अंडी, पुन्हा वरून पाल्याचा बूच. पाणी थेंबभरही नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा, काटक्या पेटवायच्या. झाली की नाही हे ओळखायची काकांची रीत अशी, की मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. चर्र झालं आणि पाणी टिकलं नाही की झाली. मडकं उघडल्यावर पाल्याचा कडवट, ओव्यासारखा वास नाकात गेला. शेंग हातात घेतली तर चटका बसत होता, सोलली की आत दाणा मऊ, मिठानं चरचरीत. बाबांनी वीसेक शेंगा खाल्ल्या असतील. पैसे विचारले तर काका जवळजवळ रागावलेच.

पोपटीचा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीचा. त्या दिवसांत पनवेल-पेण पट्ट्यात संध्याकाळी रेंगाळायला वेळ ठेवा.

मधला एक दिवस घरी. बाबांनी गुडघ्यांना तेल लावलं, मी फोनवर मुरबाडकडच्या गाड्यांच्या वेळा शोधल्या. एका जुन्या यादीत सगळं सविस्तर लिहिलेलं होतं. बाबांनी ती पाहिली आणि म्हणाले, "यातली निम्मी गाडी माझ्या निवृत्तीआधीच बंद झाली." वेळ खरी ती चौकशीच्या खिडकीवरची. जाताना तिथं विचारायचं, आणि उतरताना त्या गाडीच्या कंडक्टरला पुन्हा विचारायचं, "परत कितीला?" या दोन प्रश्नांवर अख्खा दिवस उभा असतो.

तिसरा दिवस : नाणेघाट

पहाटेच्या लोकलनं कल्याण. स्टेशनबाहेरच एसटी स्टँड. माळशेज घाटातून पलीकडे जाणारी गाडी धरली, पाटीवर अहिल्यानगर होतं. बाबा म्हणाले, एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरलाच गेली होती. हे सांगताना त्यांचा आवाज जरा वर चढतो, नेहमीच.

मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे. टोकावड्यानंतर समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि तिच्यात एक खाच दिसायला लागते. खाचेच्या बाजूचा कडा म्हणजे नानाचा अंगठा. वैशाखऱ्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला नाणेघाटाची पाटी आहे, तिथं उतरायचं. गाडी निघून गेल्यावर एकदम शांत झालं. गवतावर दव होतं आणि दव सुकण्याआधीच चढ सुरू करायचा ही बाबांची घाई होती, कारण वरच्या टप्प्यात ऊन लागतं.

पहिला तासभर रान, ओढे (जानेवारीत कोरडे), मग वाट उभी होते. वरच्या अंगाला दगडी फरसबंदी लागते. माणसांच्या आणि जनावरांच्या पायांनी ते दगड गुळगुळीत झालेले आहेत. सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल याच वाटेनं जुन्नरला जायचा, दोन हजार वर्षांपूर्वीपासून. मी त्या दगडांवरून हात फिरवला. मधोमध किंचित खोलगट लागतं.

घाटमाथ्याच्या जरा अलीकडे लेणं आहे. आत शिरलं की डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख, सातवाहन राणी नागनिकेचा. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना नमस्कार, पुढं केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची यादी. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, आणि प्रत्येकापुढे आकडा. आपल्याकडचे इतके जुने कोरीव आकडे फार थोड्या ठिकाणी आहेत. समोरच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आता फक्त पावलं उरली आहेत, आणि वर त्यांची नावं.

मी बाबांना हे सगळं सांगत होते. ते भिंतीजवळ गेले, हात न लावता अगदी जवळून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे हे वेबिल आहे." मी म्हटलं, "कसं काय?" तर म्हणाले, "अगं, काय दिलं, किती दिलं, कुणी दिलं. तळाला हिशेब जुळला पाहिजे." बत्तीस वर्षं रोज रात्री गावातल्या दिव्याखाली बसून त्यांनी वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरलं होतं. त्या लेखाकडे इतक्या जिव्हाळ्यानं पाहणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

खिंडीतून वर आलं की मोठा दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकायचे असं लोक सांगतात. बाबांनी त्याच्या काठावर दोन्ही हात ठेवले आणि आत डोकावून पाहिलं. तिथं वारा इतका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. जीवधनचा किल्ला आणि त्याचा वानरलिंगी सुळका समोर होता. आम्ही टाक्यातलं गार पाणी तोंडावर मारलं, गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि बाराच्या आत परत फिरलो. वर जुन्नरकडून डांबरी रस्ता येतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. लेणं निवांत पाहायचं तर आठवड्यातला मधला दिवस धरा. प्यायचं पाणी माणशी तीन लिटर न्या.

उतरताना माझ्या डाव्या बुटाचा तळ सुटला. आधी टाचेकडून, मग पूर्ण. खडकाळ उतार, तळ फटफट वाजतोय, पाय मुरगळायची भीती. गुरं घेऊन चाललेला एक मुलगा थांबला. पंधरा-सोळा वर्षांचा असेल. त्यानं कमरेच्या पिशवीतून घायपाताच्या वाखाची दोरी काढली आणि बूट पायातच ठेवून, तळाखालून दोन फेरे, घोट्यामागून एक फेरा, पुढं आवळगाठ असा बांधून दिला. "आता मुरबाडपर्यंत नाय सुटायचा," म्हणाला. खरोखरच नाही सुटला. मुरबाडच्या स्टँडबाहेर बूट शिवणाऱ्या काकांनी ती दोरी सोडताना गाठ दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "कुणी बांधली?" जोडी नवी असो की जुनी, वर्षभर पडून राहिलेले बूट घालून डोंगरात जाऊ नका. आणि दोन मीटर दोरी पिशवीत टाकाच.

मुरबाडहून देहरीची गाडी म्हशावरून जाते. म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला सुरू होते आणि तिथला बैलबाजार पुढं कितीतरी दिवस चालतो. त्यामुळे गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसांपेक्षा सामानच जास्त. नवे कासरे, वेसणी, लोकरीचे गोंडे, घुंगरांच्या माळा. एका शेतकऱ्यानं घुंगूरमाळ गळ्यातच अडकवली होती, गाडी खड्ड्यात गेली की सगळ्यांच्या बोलण्यावरून तो आवाज जायचा. त्यानं खोंड विकला होता. कितीला, ते सांगितलं नाही, पण दोनदा म्हणाला, "घेणारा माणूस चांगला आहे, मारणार नाही त्याला."

संध्याकाळची गाडी हुकली तर म्हशापर्यंत दुसऱ्या गाडीनं यायचं आणि पुढं शेअर रिक्षा किंवा जीप बघायची. अंधार पडल्यावर मात्र काही खात्री नाही.

देहरीत उतरलो तेव्हा साडेसहा झाले होते. बाबा थांब्यावर तसेच उभे राहिले, पाठ गावाकडे आणि तोंड डोंगराकडे. गोरखगड आणि त्याच्या बाजूचा मच्छिंद्रगड, दोन सुळके, मागं आभाळ अजून तांबूस. "ह्याच वेळेला," ते म्हणाले. एवढंच.

राहायची सोय एका घरी केली होती. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटाची चटणी. घरातल्या आजी बाबांकडे सारख्या बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही रातच्या गाडीचे मास्तर ना? सासूबाईंचा चष्मा कल्याणहून तुम्हीच आणला होतात." बाबांना आठवेना. आजींना मात्र सगळं आठवत होतं, चष्म्याची काडी तुटली होती, तिला पांढरा दोरा बांधून दिला होता, किती दिवसांनी परत आला. मग बाबांनाही दोरा आठवला. औषधं, चष्मे, मनिऑर्डरीचे निरोप, शिकायला गेलेल्या पोरांचे डबे, सगळं या गाडीनंच यायचं. पडवीत अंथरूण टाकून पडलो तेव्हा बाबा म्हणाले, "मी शेवटच्या लांब सीटवर झोपायचो. थंडी फार वाजायची." मला हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं.

चौथा दिवस : गोरखगड

साडेसहाला निघालो. घरातला मुलगा वाट दाखवायला सोबत आला, आणि गोरखगडाला माहितगार बरोबर घ्यावाच. वाट गावामागच्या देवळापासून रानात शिरते आणि सोंडेवर चढते. थंडीत चालायला मजा येते, पाचोळा पायाखाली करकरतो. दीड तासानं सुळक्याखालच्या सपाटीवर पोचलो.

तिथून सिद्धगड दिसतो, निळा, अवाढव्य. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या रानात इंग्रजांच्या पोलिसांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या घालून मारलं. भाई कोतवाल म्हणजे माथेरानचा वकील माणूस, आझाद दस्ता ही क्रांतिकारकांची तुकडी उभी करून या डोंगरांत वावरला, वीज वाहून नेणारे मनोरे पाडून कारखाने बंद पाडले. त्यांना इथल्याच वाड्यांनी जेवू घातलं होतं. वाट दाखवणाऱ्या मुलानं ही हकिगत आमच्याआधी सांगायला घेतली. त्याच्या शाळेतून दर वर्षी मुलं सिद्धगडला जातात.

सपाटीच्या पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या सुरू होतात. उभ्या, अरुंद, एका बाजूला दरी. पायऱ्यांना हातानं धरायला खोबण्या आहेत, त्यात बोटं घालून एकेक पायरी चढायची. पावसाळ्यात इथं जाऊ नका, शेवाळावर पाय टिकत नाही. बाबांच्या खालच्या पायरीवर मी, वरच्या पायरीवर तो मुलगा. बाबा प्रत्येक पायरीवर थांबून आधी हात, मग पाय, मग दुसरा हात, असं करत होते. चालत्या गाडीत बत्तीस वर्षं तोल सांभाळलेला माणूस. माझेच गुडघे जास्त लटपटत होते.

दरवाजा ओलांडून, आणखी पायऱ्या चढून गुहेत आलो. कातळातली प्रशस्त गुहा, कोरलेले खांब, पुढं चाफ्याची झाडं आणि झाडांपलीकडे थेट दरी. दरीच्या पल्याड मच्छिंद्रगडाचा सुळका इतका जवळ, की हाक मारली तर तो ओ देईल. गोरखनाथांनी इथं साधना केली असं मानतात. टाक्यातलं पाणी काचेसारखं होतं. चाफ्याची पानं झडलेली, फांद्या हाताच्या बोटांसारख्या वर. बाबांनी बूट काढले आणि गुहेच्या तोंडाशी मांडी घालून बसले.

इथून माथ्यापर्यंतच्या पायऱ्या जास्त अवघड आहेत. मी विचारलं, "बाबा, वर?" ते म्हणाले, "तू जाऊन ये. मला इथंच बरं वाटतंय." मी आणि तो मुलगा वर गेलो. माथ्यावर छोटं महादेवाचं देऊळ, नंदी, चारी बाजूंनी उघडं आभाळ. पाच-सात मिनिटं थांबले असेन. माझं मन खाली गुहेतच होतं.

परत आले तर बाबा तसेच बसलेले, डोळे मिटून. आम्ही भाकरी-चटणी खाल्ली. कुणी फारसं बोललं नाही.

खाली उतरून सपाटीवर आलो तेव्हा बाबा एकदम थांबले आणि बोट दाखवलं. खाली देहरीची कौलं, शेतांचे तुकडे, त्यातून गेलेला रस्ता, आणि त्या रस्त्यावर धुळीचा एक लोट. लोटाच्या पुढं नखाएवढा लाल ठिपका. तो ठिपका वळणावर दिसेनासा झाला, परत दिसला, गावाशी येऊन थांबला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ते त्या ठिपक्यात बसून इकडे वर बघत होते. मी फोटो काढणार होते, नाही काढला.

"ही जाईल," मुलगा म्हणाला, "तुम्हाला पुढची."

पुढची गाडी मिळाली. देहरीहून सुटताना आम्ही दोघं आणि शाळेतून सुटलेल्या दहा-बारा मुली. कंडक्टर पंचविशीतली मुलगी, गळ्यात तिकिटाचं मशीन. बाबांनी सुटे पैसे मोजून दिले. (आता मशीनवर कोड दाखवून फोननंही पैसे देता येतात, पण डोंगराकडे रेंज जाते, सुटे जवळ असू द्या.) तिकीट घेताना त्यांनी विचारलं, "भारमान कसं आहे या फेरीला?"

तिनं चमकून पाहिलं. "तुम्ही एसटीतले?"

"होतो. इथं मुक्कामाला यायचो."

मग ती आमच्या बाजूच्या सीटवर टेकली. सांगू लागली, की शाळेचे दिवस असतात तेव्हा गाडी भरते, एरवी निम्मीही भरत नाही. रविवारी डोंगरावर शेकडो माणसं येतात, पण सगळी आपापल्या गाड्यांनी. "त्यातली वीस जरी आमच्यात बसली ना काका, तरी ही फेरी कुणी बंद करणार नाही." पुढच्या सीटवरच्या मुली वळून ऐकत होत्या. त्यांच्यासाठी ही फेरी म्हणजे शाळा आहे. हे मी इथं मुद्दाम लिहिते आहे. गोरखगडला जाणार असाल तर कृपा करून एसटीनं जा.

थांब्यावर एक आजोबा चढले, त्यांना चढायला वेळ लागला. गाडी थांबलेली असताना तिनं बाबांना विचारलं, "आणि आज इकडे कुठं, काका? कामाला?"

बाबांनी खिडकीतून वर बोट केलं. "तिथं होतो सकाळी. गुहेत."

ती वाकली, खिडकीतून त्या सुळक्याकडे नीट पाहिलं, मग बाबांच्या पायांकडे पाहिलं, आणि उठून डबल बेल दिली.